कुंभार आप्पांना, आमच्या मंडळीकडून

आदरणीय आप्पा,

सलाम आणि रामराम.

आखाजी जवळ आली की घागरींसाठी तुमच्या दारात किती गर्दी होते, हे धुळ्यात कुणाला सांगायला नको. नेमक्या त्या धांदलीत तुम्ही ईस्टरआधीच्या उपवासकाळातला एक रविवार आम्हाला दिलात. चाक टेम्पोत घालून चर्चमध्ये आलात आणि भाडंसुद्धा घेतलं नाहीत. समोरासमोर आभार मानले तर तुम्ही विषयच बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

कल्पना काही आमच्या डोक्यातली नाही. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळ काउप्लेन इथल्या एका चर्चमध्ये २००४ साली ‘मेसी चर्च’ सुरू झालं. लहानथोरांनी मिळून आधी हातानं काहीतरी करायचं, मग छोटीशी उपासना, शेवटी सगळ्यांचं एकत्र जेवण. आमच्याकडे नोहाचं तारू रंगवायचं ते शब्बाथ शाळेच्या पोरांनी, मागच्या खोलीत. मोठ्यांनी बाकावर बसून ऐकायचं. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातल्या अठराव्या अध्यायावर उपदेश ठरला होता, देव संदेष्ट्याला कुंभाराच्या घरी पाठवतो तो. पाळकसाहेब म्हणाले, आपण कुंभारालाच इथं बोलावू.

मातीत मिसळायच्या लिदीवरून आधी कुरबुर झाली, हे तुमच्या कानावर आलंच असेल. देवाच्या घरात लीद कशी आणायची म्हणे! आमचा प्रभू गोठ्यात जन्मला, हे दर नाताळला गाणारीच ही मंडळी. तुम्ही मात्र शांतपणे समजावलंत. लिदीमुळे माती वाळताना तडकत नाही. पुढे आव्यात भाजताना ती जळून जाते आणि बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी झिरपतं, म्हणून माठ गार. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. माती तुडवायला पोरांच्या आधी महिला मंडळ पुढे आलं, नऊवारीचे काष्टे खोचून.

चाकावर पहिला मान तुम्ही एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या आमच्या बाबांना दिलात. हा माणूस उपदेश सुरू झाला की डुलकी काढतो. त्या दिवशी गढूळ पाण्यानं कोपरापर्यंत माखला आणि त्याची वाटी सरळ उभी राहिली. माझी मात्र उभी राहता राहता कलंडली. तुम्ही ती तळहातानं दाबली, त्याच मातीचा गोळा पुन्हा चाकाच्या मध्यावर बसवलात आणि सहज बोलून गेलात, “जवलोंग वली शे, तवलोंग मोडीसन परत घडाई येस. एकदाव भाजाई गयं का मंग फुटनं ते फुटनं.”

आप्पा, त्या वाक्यासाठी हे पत्र आहे. अठराव्या अध्यायात कुंभाराच्या हातातलं भांडं बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं करतो. लगेच पुढच्या, एकोणिसाव्या अध्यायात देव यिर्मयाला मडकं विकत घ्यायला लावतो आणि लोकांदेखत फोडायला सांगतो, पुन्हा सांधता येणार नाही असं. हे दोन्ही अध्याय मी लहानपणापासून वाचत आलोय. एकीकडे दया, दुसरीकडे एवढा राग, हे मला कोडंच वाटायचं. पहिल्यात माती ओली आहे, दुसऱ्यात मडकं भाजलेलं, हे कधी ध्यानातच आलं नाही. पाळकसाहेबांनी हातातला कागद मिटला आणि उपदेश तिथूनच सुरू केला. माझ्या मते या वर्षातला तो त्यांचा सर्वांत चांगला उपदेश, आणि तो अर्धा तुमचा आहे.

जेवणाच्या पंगतीत तुम्ही गोरोबाकाकांची गोष्ट सांगितलीत. थापटण्यानं संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ती. तेव्हापासून तरुण संघाची पोरं येता-जाता एकमेकांच्या डोक्यावर टिचक्या मारून ‘कच्चं! कच्चं!’ म्हणतात. हा उपद्व्याप तुमच्या नावावर जमा.

आम्ही केलेल्या वाट्या-पणत्या तुमच्या आव्यात आहेत. त्यातल्या काही तडकल्या असतील तर वाईट वाटून घेऊ नका. आणि लाकूडफाट्याचे पैसे या वेळी घ्यावेच लागतील, पंचांनी तसा ठरावच केलाय. कापणीच्या सणाला चाक पुन्हा हवंय. टेम्पो आम्ही पाठवू, उचलायला तरुण संघ येईल. येताना आजींनाही आणा. खापरावरचे मांडे कसे टाकायचे ते त्यांच्याकडून शिकायचं, असं महिला मंडळानं परस्पर ठरवून टाकलंय.

आपला,
मंडळीतला एक सभासद, धुळे