पॉवरचं बटण म्हणजे गॅसची आच

ती. आई-बाबांस, सा. न.

मायक्रोवेव्ह ओव्हनवर तुम्ही नुसती वेळ लावता आणि स्टार्ट दाबता. म्हणजे प्रत्येक वेळी १०० टक्के पॉवर, गॅस कायम मोठा. वेळ लावायच्या आधी पॉवरचं बटण दाबत गेलात की आकडे खाली उतरतात. ५० वर आच अर्धी होते म्हणजे काय, तर निम्मा वेळ लहरी चालू, निम्मा वेळ बंद. कान दिलात तर मधूनमधून घरघर वाढते-कमी होते, तेच ते. ओव्हन बिघडलेला नाही.

या बंद काळातच खरं काम होतं. लहरी पदार्थात जेमतेम इंचभर शिरतात, गाभा तापतो तो बाहेरची उष्णता आत सरकून. पूर्ण पॉवरवर तिला सवडच मिळत नाही. म्हणून उसळ कडेला रटरटते आणि मधे गार. उसळ, भाजी ७० वर लावा, मधे खळगा करून कडेला सारा, अर्ध्या वेळेत एकदा ढवळा. उरलेल्या भातावर आधी चमचाभर पाणी शिंपडा.

आई, आता भात. (आकडे ८०० वॉटच्या ओव्हनचे आहेत.) १ वाटी तांदूळ धुऊन २० मिनिटं भिजव, पाणी २ वाट्या, काचेचं भांडं चांगलं खोल घे. आधी १०० वर झाकण न घालता ५-६ मिनिटं. पाणी तांदळाबरोबर आलं आणि वर भोकं दिसली की झाकण घालून ५० वर ८-९ मिनिटं. मग बंद ओव्हनमध्येच ५ मिनिटं मुरू दे. तू कुकर उतरवून वाफ जिरू देतेस तसंच, ही ५ मिनिटं शिजण्यातलीच धर. सगळा वेळ १०० वर ठेवलास तर पेज उतू जाऊन फिरत्या ताटलीवर चिकटते, शिताचं टोक फाटतं आणि आत कणी राहते.

दोन्ही टप्पे एकदमही लावता येतात: पॉवर १००, वेळ ६ मिनिटं, स्टार्ट न दाबता पुन्हा पॉवर ५०, वेळ ९ मिनिटं, मग स्टार्ट. पहिला टप्पा संपला की दार उघडून झाकण घाल आणि पुन्हा स्टार्ट दाब. पहिले दोन-तीन वेळा मात्र समोर उभी राहून कर, तांदूळ जुना-नवा असेल तसं मिनिट इकडेतिकडे होतं.

फ्रीझरमधला खवलेला नारळ ३० वर, वाटीला १ मिनिट, मग बोटांनी मोकळा करून पुन्हा अर्धं मिनिट. बर्फ लहरी फारशा शोषत नाही, पाणी भराभर शोषतं. म्हणून एक कोपरा वितळला की सगळी उष्णता तोच खेचतो. मोठ्या पॉवरवर तिथे तेल सुटतं आणि बाकीचा गोळा दगडासारखा राहतो.

शेंगदाणे १०० वरच. १ वाटी, ताटलीत एकेरी पसरून २ मिनिटं, हलवून १ मिनिट, पुढे ३०-३० सेकंद. बाहेरून कच्चेच दिसतील, हाताला मऊ लागतील, तरी वेळ वाढवू नकोस. गार झाल्यावरच कुरकुरीत होतात. एक दाणा फोडून बघ. तो आतून आधी करपतो, सालीवर काहीच दिसत नाही. आत फिका बदामी रंग आला की लगेच बाहेर काढ.

पोळी ओलसर फडक्यात १५ सेकंद. जास्त झालं की चिवट, मग कितीही तूप लावा.

बाबा, तुमच्या चहासाठी: गुळगुळीत काचेच्या ग्लासात पाणी उकळीच्या पुढे तापतं, बुडबुडा मात्र येत नाही. त्यात पावडर टाकली की एकदम उसळून हातावर येतं. अर्ध्या वेळेत थांबवून ढवळा आणि झाल्यावर अर्धं मिनिट आतच राहू द्या. उकडलेलं अंडंही अख्खं तापवू नका, बलक फुटतो, तोही कधीकधी ताटलीत घेतल्यावर. आणि सोनेरी काठाच्या बश्या कपाटातच बऱ्या, काठावर ठिणग्या उडतात.

तुमची,
मनू