सिस्टर, त्या पाच मिनिटांसाठी

प्रिय सिस्टर,

काल आशाताई एकविसाव्या दिवसाची भेट म्हणून घरी येऊन गेल्या. बाळाचं वजन २ किलो ६०० ग्रॅम भरलं. बाळाची झोळी वजनकाट्याला लटकवून त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला तेव्हा सासूबाई रडल्या, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता तुम्हाला लिहिता येईल. तुमचं नाव आणि गाव इथं टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रातल्या सिस्टर, एवढंच.

माझी पहिली खेप तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मी शहरातल्या एका चांगल्या नावाजलेल्या दवाखान्यात दर महिन्याला पैसे भरून जात होते. तिथं बाई बाहीवरूनच बीपीचा पट्टा गुंडाळायची, दोनदा फुसफुस करायची आणि फाईलवर लिहायची ११०/७०. कधी कधी पट्टा गुंडाळायचीही नाही. माझ्या फाईलवर प्रत्येक भेटीला ११०/७० आहे. माझ्यासोबत बाकावर बसणाऱ्या दुसऱ्या बाईच्या फाईलवरही ११०/७०च होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सातव्या महिन्यात पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, छातीच्या खाली दुखायचं. पित्त आहे म्हणाले, गॅसची गोळी दिली. घरी सासूबाई म्हणाल्या, "पायाले सूज तं साऱ्यायच्याच येते." त्यांचा दोष नाही, त्या शिकलेल्या नाहीत. फाईलवर आकडा लिहिणारे शिकलेले होते.

त्या रात्री मला झटके आले. कुणी म्हणालं बाहेरचं झालं, कुणी नाकाला कांदा लावला. मोठ्या दवाखान्यात पोचेस्तोवर पहाट झाली होती. मी चौथ्या दिवशी शुद्धीवर आले आणि आधी पोटावर हात नेला. मुलगा होता.

त्यानंतर तीन वर्षं मला सगळ्यांनी समजावलं. पुढची खेप होईल, देवाची मर्जी, कशाला आठवतेस. नेमकं काय झालं होतं ते कुणी विचारलं नाही.

तुमच्याकडे मी आले ते पेरणीचे दिवस होते. तिसरा महिना संपत आला होता. वावरातून तशीच चालत आले होते, साडीच्या काठाला चिखल होता. बाहेर ओट्यावर चाळीसएक बाया, लसीची पोरं, रडारड. तुमच्या खोलीत पाठीची खुर्ची एकच, ती तुमची. तुम्ही उठलात आणि मला तिच्यात बसवलंत. पाय टेकत नव्हते म्हणून खाली वीट सरकवलीत. लसीकरणाची तीन जाड रजिस्टरं एकावर एक ठेवून त्यावर माझा हात ठेवलात, बाही वर केलीत आणि म्हणालात, "पाच मिनिटं बस. बोलू नको. आत्ताच चालत आली ना?"

मग तुम्हीही बोलला नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिलात. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, तुम्ही हातानंच थांबा म्हणालात. मी बाहेरच्या बायांकडे बघून ओशाळले होते, माझ्यापायी सगळ्या खोळंबल्या म्हणून. तुम्ही घड्याळाकडे बघत होतात. पाच मिनिटं पुरी झाल्यावर पट्टा बांधलात, थोड्या वेळानं पुन्हा एकदा बघितलंत, आणि मग विचारलंत, "मांगच्या टायमाले काय झालं होतं? पहिल्यापासून सांग मले."

सिस्टर, मी त्या खुर्चीत किती वेळ रडले ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही लाल पेननं माझ्या कार्डाच्या वरच्याच पानावर लिहिलंत: "मागे झटके, ३० आठवडे." त्याखाली दोन रेघा ओढल्यात. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना तिथूनच फोन केलात. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, तिथं त्यांनी रोज रात्री घ्यायची अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली, पुढे कॅल्शियमही. तुमच्या त्या दोन रेघा पुढे प्रत्येकानं आधी वाचल्या.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. शिक्षण पोळपाट-लाटण्याखाली गेलं असं सगळे म्हणतात, पण या खेपेला ते कामी आलं. वॉर्डात असताना तिथल्या डॉक्टर मॅडमना विचारून विचारून आणि मग घरी मोबाईलवर वाचून हा आजार मी समजून घेतला. प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात त्याला: गरोदरपणात बीपी वाढतं आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर माझ्यासारखे झटके येऊ शकतात. पहिल्या काही महिन्यांत बाळाला पोसणारी वार रुजते तेव्हा गर्भाशयातल्या नागमोडी रक्तवाहिन्या सैल आणि रुंद व्हायला हव्यात. त्या अरुंदच राहिल्या तर वारेला रक्त पुरत नाही. ओलिताच्या वावरात दांड नीट फोडला नाही तर शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात, तसंच. बीपी वर दिसतं ते २० आठवड्यांनंतर. पण बिघाड त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, आणि त्याच्या खुणा रक्तात उतरतात: अमिनो आम्लं, चरबीचे घटक, कार्निटिनसारखे बारीक रेणू यांचं प्रमाण बदलतं. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधक लुईस केनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की १५ आठवड्यांच्या रक्तातल्या अशा १४ रेणूंवरून पुढे कोणाला प्रीएक्लॅम्पसिया होईल याचा अंदाज बांधता येतो. बाई तेव्हा अगदी धडधाकट दिसत असते. ही तपासणी अजून दवाखान्यातली रोजची गोष्ट झालेली नाही.

ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पहिल्या खेपेला माझंही रक्त काढलं होतं, हिमोग्लोबिनसाठी. त्या नळीत कदाचित सगळं लिहिलेलं होतं. वाचणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांना नुसता पट्टा बांधून बघता आला असता त्यांनी तेवढंही केलं नाही.

तुमच्याकडे तसलं कुठलंच यंत्र नव्हतं. पण मागच्या खेपेला हा आजार झालेली बाई पुन्हा त्याच धोक्यात असते, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही माझ्याकडून ते वदवून घेतलंत, तेही वेळेत. ही गोळी लवकर सुरू झाली तर जास्त फायदा देते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जास्त धोका असलेल्या बायांना ती ११ ते १४ आठवड्यांपासून दिली होती. ३७ आठवड्यांच्या आधी प्रीएक्लॅम्पसिया होण्याचं प्रमाण औषध नसलेली, नुसती दिखाव्याची गोळी घेणाऱ्यांत ४.३ टक्के होतं, अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत १.६ टक्के. मी बाराव्या आठवड्यात तुमच्या खुर्चीत होते. पाचव्या-सहाव्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर एवढा उपयोग झाला नसता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बीपी यायचं ते आलंच, पण पस्तिसाव्या आठवड्यात, कापूस वेचणीच्या धांदलीत. १४६/९४. तुम्ही पुन्हा पाच मिनिटं बसवलंत, पुन्हा तोच आकडा आला, आणि अर्ध्या तासात १०२ची गाडी दारात होती. सासूबाईंनी या वेळी "साऱ्यायच्याच येते" म्हटलं नाही, गोधडी आणि डबा घेऊन माझ्या आधी गाडीत बसल्या. सदतिसाव्या आठवड्यात पोरगी झाली. झटका एकही नाही.

मला राहून राहून एक गोष्ट छळते. त्या दिवशी तुम्हीही ११०/७० लिहून मला पुढे पाठवलं असतं तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. बाहेर चाळीस बाया होत्या, टॅबवर माहिती भरायची बाकी होती, पाच गावं तुमच्या एका स्कूटीवर. कुणी बघत नसताना तुम्ही घड्याळ लावून थांबलात. असली माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांच्या घरात पाळणे हलतात, आणि त्यांना शाबासकी देणारा कार्यक्रम कुठं होत नाही. आपल्याकडे वाईट झालं की गावभर होतं. भलं करणाऱ्याचं नावही निघत नाही, आणि मीही तुमचं नाव लिहीत नाहीये, याचं मला वाईट वाटतं.

बाळंतपणानंतरही बीपी बघत राहायचं, हे तुम्ही निघताना मला दोनदा सांगितलं होतं. दीड महिन्याच्या लसीला येईन तेव्हा माझंही बघा. चालत येणार नाही, ऑटोनं येईन. पोरीला सासूबाईंच्या मांडीवर देईन आणि तुमच्या खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसेन.

तुमची,
लाल पेनच्या कार्डवाली