कोचीच्या रिक्षावाल्या दादांना, बेळगावहून

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही. चारचौघांत कौतुक झालेलं तुम्हाला रुचणार नाही, एवढं तुमच्या स्वभावावरून कळलं आहे. पण आभार मात्र उघडच मानायचे आहेत. जहाज कोचीला लागलं की म्हातारं माणूस सोबत घेऊन एका दिवसासाठी उतरणारी घरं आपल्याकडेही आता पुष्कळ झाली आहेत. त्यांनाही कळू दे, आमच्या आईंसाठी तुम्ही काय केलंत ते.

विलिंग्डन बेटावर बंदराच्या गेटाबाहेर तुमच्या आधी जे भेटले, त्यांचा पहिला प्रश्न होता, 'शॉपिंग करणार ना?' भाडं कमी सांगायचं आणि कमिशन देणाऱ्या दुकानांच्या दारात वेळ घालवायचा, हा तिथला जुना धंदा. तुम्ही विचारलंत, 'जहाजावर परत किती वाजता चढायचंय?' आणि त्यापाठोपाठ, 'आम्मांचा कुठला गुडघा दुखतो?'

या दोन प्रश्नांत अख्खा दिवस बसतो, हे जहाजावरच्या सहलींच्या टेबलाला ठाऊक नव्हतं. तिथून सल्ला मिळाला होता, 'आजींना केबिनमध्येच आराम करू द्या.' व्हीलचेअर शिडीच्या पायथ्यापर्यंत, पुढे तुमचं तुम्ही बघा. सत्तरी ओलांडलेल्या बाईने तिकिटाचे पूर्ण पैसे भरायचे आणि गाव मात्र खिडकीतून बघायचं, हा कुठला न्याय?

तुम्ही सीटखालून लाकडी पाट काढलात आणि रिक्षाच्या पायरीखाली ठेवलात. आईंना पाठमोरं उभं केलंत, आधी सीटवर टेकायला लावलंत आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायला सांगितलंत. गुडघा अधू असलेलं माणूस तोंड आत करून चढायला गेलं, की सगळा भार दुमडलेल्या गुडघ्यावर येतो आणि तिथेच कळ येते. पायऱ्यांचंही तुम्ही शिकवलंत: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आई आता आमच्या माडीच्या जिन्यावर तसंच करतात.

वेळेचा हिशेब तुम्ही शेवटाकडून मांडलात. जहाज पाचला सुटणार म्हणजे चढायचं चारच्या आत. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, आपापले फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही. तोप्पुंपडीच्या पुलावर कधी गाड्या तुंबतील याचा नेम नाही, म्हणून परतीला पुरा एक तास राखून ठेवलात. गेटावर जहाजाचं कार्ड आणि आधार पुन्हा दाखवावं लागतं, रांग असते, तोही वेळ त्यातच धरलात.

बहुतेक जण आधी फोर्ट कोचीला नेतात, कारण मासेमारीच्या चिनी जाळ्यांजवळचा फोटो सगळ्यांना हवा असतो. मग मट्टांचेरीला पोचेपर्यंत एक वाजून जातो, सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, दार तीनपर्यंत बंद होतं आणि मधला वेळ दुकानांत काढावा लागतो. तुम्ही उलटं केलंत. सकाळच्या थंड वेळेत मट्टांचेरीचा महाल. पोर्तुगिजांनी १५५५च्या सुमारास बांधून राजाला दिलेला, १६६३ नंतर डचांनी दुरुस्त केला म्हणून डच पॅलेस म्हणतात तो. वरच्या मजल्यावर भिंतभर रामायण रंगवलेलं आहे, जिना मात्र चढावा लागतो. शुक्रवारी तो बंद असतो, सिनेगॉग शनिवारी, म्हणजे जहाज त्या वारी लागलं तर आधीच धरून चालावं. मग एकच्या आत १५६८चं सिनेगॉग. तिथली निळी-पांढरी फरशी चीनहून आणलेली, हाताने रंगवलेली. चपला काढाव्या लागतात, तेव्हा आईंसाठी पातळ मोजे तुम्ही आठवणीने घालायला लावलेत, कारण घासून गुळगुळीत झालेल्या फरशीपेक्षा बाहेरच्या तापलेल्या दगडाची भीती जास्त. आणि ऊन चढल्यावर फोर्ट कोची, जिथे जुन्या झाडांची सावली आहे आणि समुद्राचा वारा आहे. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली पुरलं होतं, चौदा वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले. मुलांनी तो दगड पाहिला, आई बाकावर निवांत बसल्या.

पण हे पत्र खरं म्हणजे मधल्या पंधरा मिनिटांसाठी आहे.

सिनेगॉगच्या गल्लीतून बाहेर पडल्यावर आई एकदम गप्प झाल्या. घरच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. जवळच्या एका हॉटेलात चहा घेतला, तिथे आमच्यापैकी एकाने सहज विचारलं तर उत्तर आलं, 'बाथरूम चालू नाही.' आतून माणसं ये-जा करत होती. जुन्या गावांत हीच मोठी अडचण आहे. घरं दाटीची, सार्वजनिक सोय लांब, असली तर उंबरा उंच, फरशी ओली, धरायला काही नाही. म्हणून म्हाताऱ्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि कोचीच्या दमट उकाड्यात दुपारी चक्कर येऊन पडतात.

तुम्ही आरशात एकदा पाहिलंत आणि काहीच विचारलं नाहीत. म्हणालात, 'आम्मा, इथे चेर्लाईत माझी बहीण राहते. तिला तुमची भाषा ऐकायची हौस आहे, पाच मिनिटं पाणी पिऊन जाऊ.' आईंना आपल्या तोंडाने काही सांगावं लागलं नाही. सुना-नातवंडांसमोर त्या ते कधीच बोलल्या नसत्या.

आणि तुमच्या बहिणीने काय केलं, ते तुम्हाला बाहेरून दिसलं नसेल. 'यो आम्मा, बैस' म्हणून त्यांनी आईंना खुर्ची दिली, आत गेल्या आणि न्हाणीघराची फरशी कोरड्या फडक्याने पुसून काढली. कोपऱ्याकोपऱ्यातून, गुडघ्यावर बसून. दाराशी जुनं गोणपाट दुमडून घातलं, म्हणजे पाय सरकणार नाही. बादली उचलून हाताशी ठेवली, म्हणजे वाकावं लागणार नाही. मग दार ओढून घेतलं, कडी न लावता, आणि स्वतः पलीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. ओळख ना पाळख, भाड्याने रिक्षात बसलेली बाई, आणि तिच्यासाठी एवढा विचार. हे लिहिताना अजून घसा भरून येतो.

नंतर आई तांब्याभर पाणी प्यायल्या आणि दिवसभर बोलत राहिल्या. तुमचे कोकणी पूर्वज सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या छळामुळे गोवा सोडून कोचीला आले, हे तुमच्याकडून ऐकलं. मलबारच्या वनस्पतींवर डचांनी काढलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाच्या १६७८च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन कोकणी वैद्यांचं निवेदन देवनागरीत छापलेलं आहे, हे तुम्ही किती अभिमानाने सांगितलंत! बेळगावच्या शहापुरात लहानपणापासून शेजारची कोकणी ऐकलेल्या आईंना तुमचं अर्धं बोलणं कळत होतं, उरलेलं त्या तोंडाकडे बघून समजून घेत होत्या.

आमच्या सीमाभागात भाषेवरून कोण कुणाचा, हे ठरवायची घाई फार. पण अडचणीच्या वेळी दार उघडणारं घर कानडी की मराठी, हे इथेही कुणी पाहत नाही. गोव्याकडून दवाखान्यासाठी बेळगावात येणाऱ्यांना बसस्टँडवर हात धरून रस्ता ओलांडून देणारे रिक्षावाले आमच्याकडेही आहेत. अशा माणसांची कुठे नोंद होत नाही. तक्रारी मात्र पानं भरभरून लिहिल्या जातात.

ठरल्यापेक्षा जास्त पैसे तुम्ही घेतले नाहीत, बहिणीनेही हातात काही ठेवू दिलं नाही. म्हणून गोकाकचं करदंट कुरियरने पाठवलं आहे. कुंदा पाठवणार होतो, पण तो दुधाचा, तुमच्याकडच्या उकाड्यात वाटेतच आंबला असता. करदंट डिंक, गूळ, सुकामेव्याचं आहे, कोरड्या डब्यात झाकून ठेवलं तर बरेच दिवस राहतं. त्यातला मोठा डबा बहिणीचा.

आणि आईंचा निरोप आहे. दोघांनी बेळगावला यायचं. किल्ल्यातल्या कमलबस्ती या जैन मंदिराजवळ रिक्षा जाते, फार चालावं लागत नाही. उतरायचं आमच्याच घरी. आईंनी खालच्या न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवून घेतली आहे, ती तुमच्या म्हाताऱ्या मावशींनाही चालेल. त्यांनाही घेऊन या.