नामावली तरी पूर्ण पाहू द्या

महोदय,
दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना तो पुढच्याच वर्षी ओटीटीमुळे घरबसल्या पाहता आला, हे ऋण मान्यच आहे. मात्र दीड तासाचा ऐवज आठ भागांत ताणणाऱ्या मालिका पाहताना पाणी घालून वाढवलेल्या आमटीची आठवण होते. उलट २०२३ चा ऑस्करविजेता ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ हा माहितीपट जेमतेम चाळीस मिनिटांत तमिळनाडूतील मुदुमलाईचे रान आणि तिथली माणसे मनात उतरवतो. सर्वांत खटकते ते हे, की शेवटचे दृश्य मनात मुरण्याआधीच ओटीटीवर कलाकार-तंत्रज्ञांची नामावली कोपऱ्यात आक्रसते आणि चष्मा सावरून रिमोट हाती येईपर्यंत भलतेच काही सुरू झालेले असते.

– एक वाचक, जि. सातारा