फेरीबोटींच्या वेळा फाट्यावरच कळाव्यात

महोदय,

अलिबागहून किनाऱ्याने रत्नागिरीकडे दुचाकीवर जाणाऱ्याला मार्ग आखताना किलोमीटरपेक्षा खाड्यांचा हिशेब अधिक काटेकोरपणे करावा लागतो; कारण आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चार ठिकाणी फेरीबोटीवाचून सरळ पुढे जाता येत नाही. दाभोळला शेवटची फेरी चुकली, तर समोर दिसणाऱ्या धोपाव्यासाठी चिपळूणच्या बाजूने वाशिष्ठी नदीला मोठा वळसा पडतो, तोही अंधारात आणि वळणावळणाच्या रस्त्याने. पावसाळ्यात खराब हवामानामुळे फेऱ्या रद्दही होतात. म्हणून पर्यायी रस्ता जिथून फुटतो, त्या फाट्यावरच वेळापत्रकाचा आणि त्या दिवशीच्या स्थितीचा फलक प्रशासनाने लावावा. धक्क्यावर पोहोचल्यानंतर तो वाचून (पाटी कितीही सुबक असली तरी) उपयोग नसतो.

– एक दुचाकीस्वार वाचक, अलिबाग