सर्व्हिसिंगनंतर रायफलीत दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट बसवून दिल्याबाबत तक्रार

पुणे,
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व दुरुस्ती विभाग

विषय : माझ्या .२२ स्पर्धा-रायफलीचा मूळ बोल्ट परत मिळण्याबाबत, आणि तो ज्या ग्राहकाकडे गेला असेल त्यांना तातडीने कळवण्याबाबत.

महोदय,

मी परवानाधारक क्रीडा नेमबाज असून गेली अकरा वर्षे ५० मीटर रायफल प्रकारात खेळते. फायरिंग पिनची स्प्रिंग बदलणे, ट्रिगरची साफसफाई आणि तेलपाणी एवढ्या कामासाठी मी माझी सिंगल शॉट रायफल आपल्या पुण्यातील कार्यशाळेत दिली होती. ती २२ सप्टेंबर रोजी मला परत मिळाली. पावतीवरचा रायफलीचा क्रमांक बरोबर आहे आणि बिलाची रक्कम मी त्याच दिवशी पूर्ण भरली आहे. परंतु रायफलीत बसवलेला बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून बॅरल मागून बंद करणारा सरकता भाग, माझा नाही.

हे घरी आणल्याबरोबर माझ्या लक्षात आले नाही, याची मला खंत आहे. कॉलेजात एनसीसीत असताना आमचे उस्ताद बोल्टवरचा आणि रायफलीवरचा क्रमांक जुळवून पाहिल्याशिवाय कोणाच्याही हातात रायफल देत नसत, आणि ती सवय मी आपल्यावरच्या विश्वासामुळे त्या एका दिवशी मोडली. दुसऱ्या दिवशी म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलातील रेंजवर साठ फैरींचा सराव करताना पाच काडतुसे उडालीच नाहीत. त्यांच्या कडेवर पिनचा व्रण उथळ आणि अस्पष्ट होता. तीन वेळा रिकामे पितळी कवच चेंबरमध्येच अडकले. त्याच खोक्यातील उरलेली काडतुसे एका सहनेमबाजाने स्वतःच्या रायफलीतून झाडली, तेव्हा एकही हुकले नाही. मग मी बोल्ट बाहेर काढून पाहिला. त्यावर कोरलेले शेवटचे तीन अंक माझ्या रायफलीच्या क्रमांकाशी जुळत नाहीत.

मी आपल्या कार्यशाळेत दूरध्वनी केला असता, ‘मॉडेल एकच आहे, कोणताही बोल्ट कोणत्याही बॅरलला चालतो’ असे उत्तर मला मिळाले. माझी खरी तक्रार या उत्तराबद्दल आहे. कार्यशाळेत एकाच वेळी चार रायफली उघडलेल्या असताना सुटे भाग बदलले जाणे ही चूक आहे, ती कोणाच्याही हातून होऊ शकते आणि मी ती समजून घेऊ शकते. पण ती चूक नाहीच असे सांगणे मला मान्य नाही.

मी चाकणला एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करते, त्यामुळे मापांच्या भाषेत बोलण्याची मुभा घेते. .२२ च्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी नसते. पेट घेणारे द्रव्य बुडाच्या कडेत, दुमडलेल्या पितळेच्या आत असते. ही कड जेमतेम एक मिलिमीटर जाडीची आहे. फायरिंग पिन ती कड बॅरलच्या मागच्या काठावर चिरडते तेव्हाच ठिणगी पडते. बंद बोल्टचे तोंड आणि बॅरलचा तो काठ यांच्यातल्या अंतराला हेडस्पेस म्हणतात, हे आपल्या कारागिरांना मी सांगायला नको. हे अंतर जास्त असेल तर पिनच्या फटक्याचा काही भाग काडतूस पुढे ढकलण्यातच खर्ची पडतो, आणि दर फैरीला तो सारखाच खर्ची पडतो असेही नाही. मी रिकाम्या कवचामागे ०.०५ मिलिमीटर जाडीच्या पितळी पट्ट्या ठेवून पाहिल्या. तीन पट्ट्या ठेवल्यावरही हा बोल्ट कोणताही जोर न लावता बंद होतो.

जी काडतुसे उडाली, त्यांचीही कथा फारशी वेगळी नाही. पूर्वी याच लॉटच्या काडतुसांनी, टेकण देऊन झाडलेल्या दहा गोळ्या माझ्या रायफलीतून १४ मिलिमीटरच्या आत पडत. आता त्यांची रुंदी तेवढीच राहिली आहे, उंची मात्र ३१ मिलिमीटर झाली आहे. उभ्या रेषेत असे पसरणे वेग कमीजास्त होत असल्याचे लक्षण आहे. गोळीचा सरासरी वेग सेकंदाला ३१५ मीटर धरला, तर ५० मीटर जाईपर्यंत ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. वेग १० मीटरने घटला की ती आणखी साधारण ८ मिलिमीटर खाली उतरते. आमच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ बरोबर ८ मिलिमीटर अंतरावर असते. म्हणजे श्वास, पवित्रा, ट्रिगर सगळे अचूक साधूनही जो एक पूर्ण गुण जातो, तो बोल्टमुळे जातो.

बोल्टच्या तोंडाची खोली, त्याच्या लगची (बोल्ट अडकवून धरणाऱ्या दात्यांची) बैठक, बॅरलमधील कडेचा खळगा, रिसीव्हरमध्ये (बोल्ट आणि बॅरल बसतात त्या सांगाड्यात) बॅरल किती आत बसली आहे, या प्रत्येक मापाला ड्रॉइंगवर थोडी सूट असते. प्रत्येक भाग आपापल्या मर्यादेत असूनही त्या सुटींची बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. म्हणूनच कारखाना बोल्ट आणि बॅरल गेज लावून जुळवतो आणि मग त्यावर क्रमांक कोरतो. जुन्या .३०३ च्या लष्करी रायफलींपैकी नंबर ४ लाही शून्य ते तीन अशा क्रमांकांची, क्रमाने किंचित लांब होत जाणारी बोल्ट-हेड असत, आणि आर्मरर गेज लावून त्यातले योग्य ते निवडत असे. युद्धाच्या धामधुमीत लाखोंनी बनवलेल्या रायफलींबाबत जी काळजी घेतली जात होती, ती स्पर्धेच्या रायफलीबाबत घेतली जाऊ नये याचे मला वाईट वाटते.

माझ्यापेक्षाही मला त्या अनोळखी ग्राहकाची काळजी आहे, ज्यांच्या रायफलीत आज माझा बोल्ट असावा. हेडस्पेस जास्त असेल तर आधार नसलेले पातळ पितळ कडेला फाटून गरम वायू आणि पितळेचे कण नेमबाजाच्या डोळ्यांकडे येऊ शकतात. माझा बोल्ट त्यांच्या बॅरलला घट्ट होत असेल, तर बोल्ट बंद करतानाच कड चिरडून तो पूर्ण अडकण्याआधीच काडतूस उडण्याचा धोका आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्या रेंजवर पंधरा-सोळा वर्षांची कितीतरी मुले येऊ लागली आहेत. बोल्टचा क्रमांक तपासायचा असतो हे त्यांना अजून कोणी शिकवलेलेही नसते. तो ग्राहक त्यांच्यापैकी एखादा असू शकतो.

शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात. माझ्याकडे दुसऱ्याच्या रायफलीचा भाग आणि माझा भाग दुसऱ्याकडे ही स्थिती मला एक दिवसही चालू ठेवायची नाही. मी २३ सप्टेंबरपासून ही रायफल वापरलेली नाही, आणि हा बोल्ट कुलूपबंद कपाटात वेगळा ठेवला आहे.

तरी त्या काळात आपल्याकडे आलेल्या या मॉडेलच्या सर्व रायफलींच्या मालकांना आजच दूरध्वनी करून फैरी थांबवण्यास सांगावे. माझा मूळ बोल्ट शोधून तो माझ्याच बॅरलवर गो आणि नो-गो गेजने (हेडस्पेस कमी किंवा जास्त नाही ना, हे पाहण्याच्या मापकांनी), माझ्यासमक्ष, तपासून बसवावा. पिनचा पुढे येणारा भाग आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामे कवच बाहेर ओढणारा आकडा) तपासून त्याची मापे लेखी द्यावीत. आणि मूळ बोल्ट सापडला नाही, तर नवीन बोल्ट कारखान्याकडून माझ्या बॅरलला जुळवून, क्रमांकासह, आपल्या खर्चाने द्यावा, अशी माझी मागणी आहे. सर्व्हिसिंगची रक्कम परत करण्याबाबतचा निर्णय मी आपल्यावर सोपवते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

रायफल घेऊन मी कोणत्याही शनिवारी सकाळी कार्यशाळेत येऊ शकते. आदल्या दिवशी कळवावे.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत : पावती व बिलाची प्रत, दोन्ही क्रमांकांची छायाचित्रे, न उडालेल्या पाच काडतुसांच्या कडांची छायाचित्रे, आधीची व नंतरची लक्ष्यपत्रे.