ऑडी मनात बसली ती शास्त्रींमुळे

संपादक महोदय,

आलिशान गाड्या ताऱ्यांच्या जाहिरातींमुळे खपतात, हे मला अर्धेच पटते. बँकेत वाहनकर्ज विभागात असताना समोरचे डॉक्टर, द्राक्ष बागायतदार हप्ता विचारायचे, सर्व्हिस सेंटर किती लांब, जुनी विकताना काय येईल, हे विचारायचे. जाहिरातीतल्या नटाचे नाव कुणी काढले नाही. पण ऑडी हे नाव आमच्या पिढीच्या मनात बसले १९८५ मध्ये, मेलबर्नला क्रिकेट स्पर्धेत रवी शास्त्रींनी बक्षीस म्हणून जिंकलेल्या ऑडीवर अख्खा भारतीय संघ चढला तेव्हा! खेळून मिळवलेल्या बक्षिसाचे ते बळ होते. मानधन घेऊन केलेल्या शिफारशीत ते कुठून येणार? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ताऱ्यांनाही १० लाखांपर्यंत दंड आहे. पानभर जाहिरातीत ‘सशुल्क शिफारस’ असे ठळक छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली